प्रोजेक्ट झॉम्बॉइड: गाव आणि माणूस एकत्र निवडा

प्रोजेक्ट झॉम्बॉइड हा झॉम्बींच्या गर्दीत तग धरायचा संगणकावरचा खेळ सुरू केल्यावर पहिला झॉम्बी दिसायच्या आधीच दोन निर्णय घ्यावे लागतात. एका पडद्यावर गाव निवडायचं आणि पुढच्या पडद्यावर माणूस घडवायचा, म्हणजे त्याचा व्यवसाय आणि त्याचे गुणदोष ठरवायचे. बहुतेक नवे खेळाडू हे दोन निर्णय वेगवेगळे घेतात. गाव नावावरून निवडतात आणि माणूस जमेल तितका दणकट करतात. मग लाकूडतोड्या अशा गावात उतरतो जिथे आठवडाभर कुऱ्हाड हाती लागत नाही, आणि कुऱ्हाडीच्या कौशल्यावर बसलेला भर तसाच पडून राहतो.

म्हणून सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. जे गाव फुकट देतं त्यावर गुण (माणूस घडवायला मिळणारे पॉइंट) खर्च करायचे नाहीत, आणि जे गाव कधीच देऊ शकत नाही ते मात्र गुण मोजून घ्यायचं. हातोडी, कुऱ्हाड, कपडे, पुस्तकं गावात मिळतात. सुतारकाम, स्वयंपाक, शेती हे करून, वाचून आणि टीव्ही बघून शिकता येतं. पण तिखट कान कुठल्याच कपाटात सापडत नाहीत. ताकद आणि दम वाढवता येतात, पण इतक्या हळू की पहिल्या महिन्यात त्याचा उपयोग होत नाही.

इथले सगळे आकडे बिल्ड ४१ चे आहेत. ही आवृत्ती डिसेंबर २०२१ मध्ये स्थिर झाली आणि शिकण्यासाठी अजूनही तीच सोयीची आहे. बिल्ड ४२ मध्ये बरीच मोडतोड झाली आहे, त्यामुळे तिथे हे आकडे जसेच्या तसे लावू नका.

चार गावं

खेळ घडतो अमेरिकेतल्या केंटकी राज्यात. नेहमीच्या सेटिंगमध्ये तारीख ९ जुलै १९९३, वेळ सकाळचे नऊ. निवडायला चार गावं असतात: मलड्रॉ, वेस्ट पॉइंट, रिव्हरसाइड आणि रोझवूड. ईशान्येला लुइव्हिल हे मोठं शहर आहे, पण ते या यादीत नाही आणि पहिल्या महिन्यात तिकडे फिरकायचंही नाही.

पहिल्या खेळासाठी रोझवूड घ्या. नकाशाच्या नैर्ऋत्येला असलेलं हे छोटं गाव आहे, झॉम्बी त्यामानाने कमी, आणि गावातच अग्निशमन केंद्र आहे. या केंद्रामुळेच नवख्यासाठी रोझवूड बाकीच्या तीन गावांच्या पुढे जातं. तिथे कुऱ्हाड मिळण्याची शक्यता चांगली असते आणि बंबवाल्यांचे जाड जॅकेट-पँटही मिळतात. हे कपडे चावा आणि ओरखडा दोन्ही अडवायला मदत करतात. पण ते जड असतात आणि जुलैच्या उकाड्यात अंगात घालून पळालात तर माणूस घामाघूम होतो, तहान वाढते, दम लवकर लागतो. म्हणून लढाईला जाताना घाला, घरी आल्यावर काढून ठेवा. पोलीस ठाणंही गावातच आहे. गावाबाहेरचा तुरुंग मात्र झॉम्बींनी खचाखच भरलेला असतो. नकाशावर इमारत मोठी दिसते म्हणून नवखे तिथे जातात आणि परत येत नाहीत.

रोझवूडची कमतरता म्हणजे गाव लहान असल्याने दुकानं कमी. दोन-तीन आठवड्यांनी खिळे, अवजारं, पुस्तकं कमी पडायला लागतात आणि गाडी घेऊन बाहेर पडावं लागतं. पण तोवर तुम्ही खेळ शिकलेले असता, म्हणून ही कमतरता परवडते.

रिव्हरसाइड वायव्येला ओहायो नदीच्या काठी आहे. घरं चांगली, गर्दी बेताची. रोझवूडनंतर दुसऱ्या क्रमांकाला हेच. ज्याला मासेमारी, शेती अशा शांत वाटेने जायचं आहे त्याने इथून सुरुवात केली तरी चालेल.

मलड्रॉ एका लांब हमरस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेलं आहे. गोदामं भरपूर, बांधकामाचं सामान भरपूर, आणि दोन्हीकडे जंगल असल्यामुळे पळायला जागा आहे. अडचण त्या रस्त्याचीच आहे. दुकानं त्याच्यावर, झॉम्बीही त्याच्यावर, आणि एका ठिकाणी झालेला आवाज रस्त्याने पुढे-मागे सगळ्यांना ओढून आणतो. इथे मागच्या अंगणांमधून, कुंपणं ओलांडत फिरायची सवय लावावी लागते. दुसऱ्या-तिसऱ्या खेळासाठी हे उत्तम गाव आहे.

वेस्ट पॉइंटला बंदुकांचं दुकान आहे, आणि नेमकं त्यामुळेच नवखे तिथे जातात. गाव दाट आहे आणि मध्यभागी झॉम्बींची गर्दी असते. बंदूक मिळाली तरी पहिल्या गोळीचा आवाज चार गल्ल्यांपर्यंत जातो, आणि नेमबाजीचं कौशल्य शून्य असताना निम्म्या गोळ्या हवेत जातात. बंदुकीच्या भरवशावर पहिलं गाव निवडू नका.

माणूस घडवताना

व्यवसायाला किंमत असते. बेकार माणूस निवडला तर ८ गुण हातात मिळतात. अग्निशामक आणि लाकूडतोड्या यांची किंमत शून्य. पोलिसाला ४ गुण, घरफोड्याला ६, माजी सैनिकाला ८ गुण मोजावे लागतात. सैनिक झॉम्बी पाहून कधीच घाबरत नाही, ही मोठी गोष्ट आहे, कारण घाबरलेल्या माणसाचा घाव हलका पडतो. पण साध्या माणसाची भीतीही दिवस जातात तशी कमी होत जाते. जे आपोआप सुधारतं त्यासाठी ८ गुण घालवणं मला पटत नाही.

रोझवूडसाठी अग्निशामक घ्या. शून्य गुणांत कुऱ्हाड, दम, ताकद आणि धावणं या चारांत एकेक पातळी मिळते. अग्निशमन केंद्र गावात, कुऱ्हाड केंद्रात आणि ती चालवायचं कौशल्य माणसात. गाव आणि माणूस एकत्र निवडायचा म्हणजे हेच.

आता दोष. दोष घेतले की गुण मिळतात आणि त्या गुणांतून चांगल्या गोष्टी घ्यायच्या. निवडताना एकच प्रश्न विचारा: हा दोष लढाई चालू असताना मला त्रास देणार, की घरी निवांत बसलेलो असताना? घरी त्रास देणारे दोष घ्या, लढाईत त्रास देणारे सोडा.

- स्मोकर, ४ गुण. सिगारेट मिळाली नाही की ताण वाढतो. पण सिगारेटी दुकानांत आणि मेलेल्या झॉम्बींच्या खिशात सापडतात.
- वीक स्टमक, ३ गुण. शिळंपाकं खाल्लं नाही तर फरक पडत नाही.
- हाय थर्स्ट, ६ गुण. तहान लवकर लागते. पाण्याची एक बाटली कायम जवळ ठेवली की भागतं.
- प्रोन टू इलनेस, ४ गुण. भिजलात तर सर्दी लवकर होते. पावसात फिरू नका.
- स्लो रीडर, २ गुण. एकटे खेळत असाल तर वाचताना वेळ पुढे पळवता येतो.
- शॉर्ट सायटेड, २ गुण. चष्मा लावला की दोष जातो.

एकूण २१ गुण झाले. यातून 'फिट' ६, 'स्टाउट' ६, 'कीन हिअरिंग' ६ आणि 'डेक्स्ट्रस' २ घ्या. एक गुण उरतो, उरू द्या. ताकद आणि दम दोन्ही मुळात ५ असतात. व्यवसायाचा एक आणि फिट-स्टाउटचे प्रत्येकी दोन मिळून दोन्ही ८ वर जातात. त्यामुळे जास्त सामान उचलता येतं, घाव जोरात बसतो आणि चार झॉम्बी मारल्यावरही धाप लागत नाही. डेक्स्ट्रसमुळे सामानाची उचलठेव लवकर होते. हे छोटं वाटतं, पण दार ठोठावलं जात असताना कपाट रिकामं करायचं असतं तेव्हा त्याचं मोल कळतं.

सगळ्यात जास्त आग्रह मी कीन हिअरिंगचा धरेन. नवखे समोरच्या झॉम्बीमुळे फारसे मरत नाहीत. समोरच्यावर नजर असताना मागून आलेला दुसरा त्यांना चावतो. खेळात पाठीमागचा झॉम्बी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. तिखट कान असले की तो बराच आधी कळतो आणि वळायला वेळ मिळतो. ही गोष्ट सरावाने मिळत नाही, फक्त सुरुवातीलाच मिळते.

न घ्यायचे दोषही सांगतो. थिन स्किन्डला ८ आणि डेफला १२ गुण मिळतात, म्हणून ते मोहात पाडतात. पातळ कातडीला प्रत्येक झटापटीत जखम होते आणि बहिऱ्याला मागचं काहीच कळत नाही. अ‍ॅगोराफोबिक माणूस घराबाहेर पडला की घाबरतो, हेमोफोबिक रक्त पाहून घाबरतो, आणि या खेळात बाहेर पडणं आणि रक्त दोन्ही टळत नाहीत. अस्थमॅटिक, ओबेस, अनफिट हे दमावर घाला घालतात. दम गेला की घाव हलके पडतात, झॉम्बी मरायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात बाकीचे गोळा होतात.

सेटिंगमधला एक बदल

चावा बसला की माणूस मेलाच. त्यावर औषध नाही. साध्या ओरखड्यातून लागण होण्याची शक्यता ७ टक्के, कातडी फाटलेल्या जखमेतून २५ टक्के. शिकत असताना एका ओरखड्याने तीन दिवसांची मेहनत जाते आणि नेमकी चूक काय झाली तेही कळत नाही. म्हणून पहिल्या दोन-तीन खेळांसाठी सँडबॉक्स मोड (ज्यात सेटिंग आपण ठरवतो) घ्या आणि लागण फक्त लाळेतून होईल असा पर्याय निवडा. मग चावा तेवढा जीवघेणा राहतो, ओरखडा नुसती जखम होते. हवी तर झॉम्बींची संख्याही कमी ठेवा. झॉम्बींचा वेग मात्र बदलू नका. हात त्याच वेगाला बसला पाहिजे, नाहीतर पुढे सगळं नव्याने शिकावं लागतं.

पहिला दिवस

तुम्ही कुठल्या तरी घरात जागे होता. आधी पडदे ओढा. पडदा नसेल तर पलंगावरची चादर खिडकीला लावा. झॉम्बी नजरेने आणि कानाने शोधतात. तुम्ही दिसला नाहीत आणि आवाज केला नाहीत तर तो दारावरून निघून जातो.

मग स्वयंपाकघर. तवा मिळाला तर तवा, लाटणं मिळालं तर लाटणं. सुरी लवकर मोडते, तिच्यावर विसंबू नका. हातोडी मिळाली तर दुधात साखर, ती शस्त्रही आहे आणि अवजारही. पाठीवरची पिशवी शोधा. शाळेचं दप्तरही चालतं. पिशवी हातात धरण्यापेक्षा पाठीवर घेतली की वजन कमी जाणवतं. वजनाचं चिन्ह दिसायला लागलं की सामान टाकून द्या. ओझं घेऊन चालणारा माणूस हळू चालतो आणि लवकर थकतो.

घरात टीव्ही असेल तर दुपारी बाराच्या आत तिथेच थांबायची तयारी करा. 'लाइफ अँड लिव्हिंग' ही वाहिनी लावा. पहिला साधारण आठवडाभर तिच्यावर शिकवणारे कार्यक्रम लागतात आणि दुपारी बाराला सुतारकामाचा असतो. समोर बसून नुसतं बघितलं तरी कौशल्य वाढतं. जुन्या खुर्च्या-टेबलं हातोडी आणि करवतीने मोडली तरी सुतारकाम वाढतं आणि वर फळ्या मिळतात. म्हणूनच पहिल्या खेळात सुताराचा व्यवसाय घ्यायची गरज नाही.

सुतारकाम चौथ्या पातळीला गेलं की पावसाचं पाणी साठवायचं पिंप बनवता येतं. त्याला ४ फळ्या, ४ खिळे आणि ४ कचऱ्याच्या पिशव्या लागतात. कचऱ्याच्या पिशव्या नवखे हटकून फेकून देतात. दिसतील तिथून उचला. पिंपातलं पाणी थेट पिऊ नका, उकळून घ्या.

नेहमीच्या सेटिंगमध्ये वीज आणि नळाचं पाणी पहिल्या तीस दिवसांत कधीही जातं. ते दुसऱ्याच दिवशीही जाऊ शकतं. म्हणून पहिल्या संध्याकाळीच घरातली सगळी भांडी, बाटल्या, पातेली भरून ठेवा. फ्रिजमधलं आधी खा, डबाबंद अन्न मागे ठेवा, आणि डबे उघडायचं अवजार सापडलं की लगेच पिशवीत टाका. ते नसेल तर बरेचसे डबे नुसते बघत बसावं लागतं.

एक झॉम्बी, जवळून

लढाई मोकळ्या रस्त्यावर शिकू नका. कमरेएवढं कुंपण शोधा. कुंपणाच्या अलीकडे उभे राहा, झॉम्बी पलीकडे. तो चालत येतो, कुंपणावर वाकतो आणि तुमच्या बाजूला तोंडावर पडतो. तो ओलांडत असताना एक पाऊल मागे सरा, चिकटून उभे राहू नका. पडला की पुढे व्हा आणि डोक्यावर घाव घाला. कुऱ्हाड असेल तर बहुधा एक-दोन घावांत काम होतं. शस्त्र मोडलं असेल तर स्पेस दाबून पायाने डोकं चिरडता येतं, फक्त पायात बूट हवेत.

कुंपण नसेल तर माउसचं उजवं बटण दाबून धरा, म्हणजे माणूस पवित्रा घेतो. झॉम्बीला हाताच्या अंतरावर येऊ द्या आणि त्याने पाऊल टाकायच्या आत घाव घाला. चुकलं आणि तो अंगाशी आला तर पुन्हा घाव घालायची घाई करू नका. आधी स्पेसने ढकला. तो मागे कोलमडला की मग मारा. इथे होणारी चूक कायम एकच असते. पहिला घाव चुकतो, माणूस तिथेच उभा राहून दुसरा उगारतो, आणि उगारण्यात जो क्षण जातो तेवढ्यात चावा बसतो.

अपॉकलिप्स या नेहमीच्या मोडमध्ये एका घावात एकाच झॉम्बीला लागतं. म्हणून सुरुवातीला एका वेळी दोनपेक्षा जास्त अंगावर घेऊ नका. तिसरा दिसला की मागे चालत जा, ते पांगतात, मग एकेकाला घ्या. चालणारा झॉम्बी तुमच्या चालण्यापेक्षा हळू असतो, त्यामुळे पळायची गरज क्वचितच पडते. पळालात की दम जातो आणि पावलांचा आवाज वाढतो. दमाचं चिन्ह दिसलं की थांबा, आडोशाला जमिनीवर बसा, पूर्ण ताजेतवाने व्हा. अर्ध्या दमाने पुन्हा बाहेर पडणं हे नवख्यांच्या मरणाचं मोठं कारण आहे.

खिडकी फोडून आत शिरायचं असेल तर आधी ती उघडते का बघा. फोडावीच लागली तर चौकटीतल्या काचा काढा आणि मग चढा. घाईत तसेच चढलात तर हात कापतो. मग रक्त थांबवायला चादर फाडून पट्ट्या कराव्या लागतात.

हेलिकॉप्टरचा दिवस

नेहमीच्या सेटिंगमध्ये सहाव्या ते नवव्या दिवसांमध्ये केव्हातरी हेलिकॉप्टर येतं. ते तुमच्या डोक्यावर घिरट्या घालतं आणि त्याच्या आवाजाने आजूबाजूचे सगळे झॉम्बी तुमच्याकडे चालायला लागतात. बऱ्याच जणांचा पहिला खेळ इथेच संपतो, कारण पाच दिवस जमवलेलं घर तासाभरात वेढलं जातं. जवळ रेडिओ असेल तर आपत्कालीन प्रसारण शोधून ठेवा. हवामान सांगताना त्यावर आकाशातल्या हालचालीचीही सूचना येते.

उपाय दोन. एक तर त्या आठवड्यात गावात उघड्यावर लांब फिरू नका आणि आवाज ऐकताच छपराखाली शिरा. किंवा घरापासून दूर, झाडीत निघून जा, म्हणजे कळप घराकडे न येता तुमच्या मागे येतो. मग त्याला लांब वळण घालून सोडून द्यायचं आणि संध्याकाळी परतायचं. दुसरा उपाय मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण त्यात घर वाचतं. तरीही घरातच अडकलात तर निसटायला वरचा मजला हवा. वरच्या खिडकीला हातोडी आणि खिळ्याने चादरीचा दोर बांधून ठेवा. जिन्यावर झॉम्बी आले तरी मागून उतरता येतं. दोराच्या पायथ्याशी एक भरलेली पिशवी लपवून ठेवा: पाणी, दोन डबे, पट्ट्या, एक जादा शस्त्र.

गाडीचं म्हणाल तर पहिल्या आठवड्यात ती मिळाली तर नशीब. किल्ली गाडीतच, गाडीजवळच्या जमिनीवर किंवा आसपासच्या झॉम्बीच्या खिशात असू शकते. किल्लीशिवाय गाडी सुरू करायला घरफोड्याचा व्यवसाय हवा, किंवा विजेच्या कामाची पहिली आणि यांत्रिकीची दुसरी पातळी. पेट्रोल पंप फक्त वीज असेपर्यंत चालतो. म्हणून गाडी हाती लागली आणि वीज असेल तर बाकी सगळं सोडून टाकी आणि मिळतील ते कॅन भरून घ्या.

रोझवूडमध्ये हे सगळं बसलं आणि दोन आठवडे सहज निघायला लागले की तोच अग्निशामक घेऊन मलड्रॉला जा. केंद्रातली कुऱ्हाड तिथे आयती मिळणार नाही. गोदामं आणि घरांमागच्या शेडमधून ती शोधावी लागेल, तोवर हातोडी किंवा पहारीवर भागवायचं. पहार हलका घाव देते, पण सहज मोडत नाही. मलड्रॉसाठी अग्निशामकाऐवजी बांधकाम मजूर घेऊन बघायला हरकत नाही. २ गुण जातात, पण आखूड बोथट शस्त्रांत तीन पातळ्या मिळतात, आणि मलड्रॉत हातोड्या मुबलक आहेत. हे २ गुण भरून काढायला डेक्स्ट्रस सोडा, बाकी यादी तीच ठेवा.